मुधोळ कुत्री चुकून लागली : पहिल्या महिन्यात काय पाहावे आणि कशाची घाई करू नये

खानापूर तालुक्यातल्या एका शेतकरी घरातून ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुधोळ या सडपातळ शिकारी जातीची कुत्री अडीच वर्षांची असून अजून एकदाही व्यालेली नाही. माजावर आली तेव्हा तिला गोठ्याशेजारच्या खोलीत बांधून ठेवले होते. दहा-बारा दिवसांनी रक्त जायचे थांबले म्हणून सोडले आणि त्याच संध्याकाळी ती शिवारात गावातल्या एका भटक्या कुत्र्याला लागलेली दिसली. शेजारच्या मुलांनी पाणी ओतून आणि काठीने हाकून दोघांना वेगळे केले. या गोष्टीला आता पंधरा दिवस झाले. तेव्हापासून ती गप्प असते, सकाळची भाकरी अर्धी टाकते, कोपरा धरून बसते, मागची जागा सारखी चाटते आणि घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्यावर गुरगुरते. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत : ती गाभण राहिली आहे का, गावात सांगतात ते ‘पोट पाडण्याचे’ इंजेक्शन आता द्यावे का, आणि यापुढे तिच्यापासून शुद्ध मुधोळ पिल्ले मिळतील की नाही.

बेळगावात मी बावीस वर्षे लहान प्राण्यांचा दवाखाना चालवतो. खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगड भागातूनही कुत्री माझ्याकडे येतात, आणि पावसाळ्याच्या शेवटी हाच प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी समोर येतो. भाद्रपद आणि कुत्री यांचे नाते आपल्या बोलीत उगाच आलेले नाही. गावातली मोकळी कुत्री बहुतांशी याच सुमारास माजावर येतात. घरात पाळलेली कुत्री मात्र वर्षाच्या कोणत्याही महिन्यात, साधारण सहा ते आठ महिन्यांच्या अंतराने माजावर येऊ शकते, त्यामुळे भाद्रपद सरला म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

ताई, तुमच्या पत्रात सर्वांत जास्त काळजी तिच्या गप्प बसण्याची दिसते, आणि त्या गप्प बसण्यावरून ती गाभण आहे की नाही हे ठरवण्याचा प्रयत्न दिसतो. माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. पंधराव्या दिवशी कुत्रीच्या वागण्यावरून गर्भ ठरला की नाही हे कोणालाही सांगता येत नाही, मलाही नाही; आणि ते कळण्याआधीच काहीतरी करून मोकळे होण्याची जी घाई घराघरांत होते, तिच्यामुळे मूळ घटनेपेक्षा मोठे नुकसान झालेले मी पाहिले आहे. म्हणून आधी आज तिच्या शरीरात काय चालले असावे ते सांगतो, मग कोणत्या दिवशी कोणती तपासणी करायची ते सांगतो आणि त्यानंतर पुढच्या निर्णयाकडे वळतो.

रक्त थांबले म्हणून सोडले, यात तुमचा हलगर्जीपणा नाही. जवळजवळ प्रत्येक घर इथेच फसते. कुत्रीच्या माजाचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात, म्हणजे साधारण नऊ दिवस, योनी सुजते, लालभडक रक्त जाते, नर मागे लागतात, पण ती कोणाला जवळ येऊ देत नाही. दुसरा टप्पाही सरासरी तितक्याच दिवसांचा असतो. त्यात स्राव फिका, पेंढ्याच्या रंगाचा होतो, पुष्कळदा दिसतही नाही, आणि नेमकी तेव्हाच ती शेपूट एका बाजूला करून नराला उभी राहते. रक्त थांबणे म्हणजे माज संपणे नव्हे, तर माजाचा खरा काळ सुरू होणे आहे. हे दोन्ही टप्पे प्रत्येक कुत्रीत कमी-जास्त होतात, म्हणून पहिला थेंब दिसल्यापासून किमान तीन ते चार आठवडे तिला बंद दाराआड ठेवावे आणि फिरवताना पट्ट्यानेच फिरवावे, असे मी सांगतो. मुधोळसारखी कुत्री तर पाच फुटांचे कुंपण सहज पार करते.

त्या दिवशी ती दोघे अडकली होती, त्याविषयी. मिलनाच्या वेळी नराच्या लिंगाचा मुळाजवळचा भाग आत फुगतो आणि मादीचे स्नायू त्याभोवती आवळले जातात. ती गाठ पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत टिकू शकते आणि सूज उतरली की आपोआप सुटते. पाणी ओतून किंवा मारून ती सुटत नाही, ओढून मात्र सुटते, आणि तसे ओढले गेले तर मादीच्या योनीला आतून चीर जाऊ शकते, नरालाही गंभीर इजा होते. शिवाय त्याने गर्भही टळत नाही, कारण शुक्राणू असलेला भाग गाठ पडण्याच्या सुमारासच आत गेलेला असतो. नंतर येतो तो बहुतांशी पातळ द्रव. मुलांनी भल्यासाठीच केले, त्यांना रागावू नका, पण पुढच्या वेळी शांतपणे बाजूला उभे राहायला सांगा. तुमची कुत्री मागची जागा चाटते, याचे एक कारण ही इजा असू शकते. माज ओसरताना योनीची सूज उतरत असते, तेव्हाही कुत्र्या चाटतात आणि त्यात काळजीचे काही नसते. पण पंधरा दिवसांनंतरही ती सतत चाटत असेल, लघवीला बसताना कळवळत असेल किंवा स्रावाला वास येत असेल, तर आतून तपासणी हवी.

याच प्रसंगातली दुसरी गोष्ट मला गर्भापेक्षा तातडीची वाटते, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. त्या झटापटीत तो भटका कुत्रा तिला मानेवर किंवा कानाला चावला होता का? सोडवणाऱ्या मुलांपैकी कोणाला दात लागला, ओरखडा आला, उघड्या जखमेवर लाळ पडली का? पिसाळण्याचा रोग एकदा लक्षणे दिसू लागली की माणसात आणि कुत्र्यात जवळजवळ निश्चितपणे जीव घेतो, आणि तो टाळण्याची लस मात्र आपल्या हातात आहे. मुलांपैकी कोणालाही काही झाले असेल, तर आज पंधरा दिवस झाले म्हणून थांबू नका. आजच सरकारी दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना सगळे सांगा. ताज्या जखमेला पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणे हा पहिला उपचार आहे. हळद, चुना, तंबाखू काही लावू नये. कुत्रीला वर्षाच्या वर्षी रेबीजची लस दिलेली असली तरी चावा झाला असेल तर लगेच पुन्हा द्यावी लागते, आणि लस दिलेलीच नसेल तर डॉक्टर सगळे डोस तारखांसह लिहून देतात, ते एकही न चुकवता पूर्ण करावेत.

आता तिच्या वागण्याकडे येऊ. अंडाशयातून अंडी सुटल्यानंतर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक वाढते आणि सुमारे दोन महिने टिकते. गाय गाभण राहिली नाही तर ती एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते, कारण तिच्या शरीराला गर्भ नाही हे कळते. कुत्रीचे तसे नाही. गर्भ राहो अथवा न राहो, तिच्या रक्तातले प्रोजेस्टेरॉन जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढते आणि सारखेच उतरते. म्हणजे प्रत्येक माजानंतरचे दोन महिने कुत्रीचे शरीर गाभण असल्यासारखेच वागते. ज्यांचा जन्म गाई-म्हशींमध्ये गेला त्यांना हे पटायला जड जाते, आणि मी ते दवाखान्यात रोज समजावतो. म्हणूनच शांत होणे, आडोसा धरणे, सड किंचित गुलाबी होणे, घरातल्या माणसांना बिलगणे यांपैकी कशावरूनही गर्भ सिद्ध होत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यावर ती गुरगुरते हे तर माज संपल्याचे सरळ चिन्ह आहे. आता तिला नर जवळ नको आहे. त्याला काही दिवस वेगळा बांधा आणि दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी खायला द्या.

कमी खाण्याविषयी मात्र मी थोडा साशंक आहे. गाभण कुत्री तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही दिवस अन्नावरून उठते, हे खरे. परंतु तुम्ही सांगता ते पहिल्या दिवसापासूनचे आहे. मिलनानंतर सुमारे अडीच आठवड्यांपर्यंत गर्भ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेलाही नसतो, त्यामुळे गर्भामुळे ती इतक्या लवकर खायची थांबली असे म्हणता येत नाही. अशी एखादी घटना घडली की त्यानंतरचे सगळे तिच्याच माथी मारले जाते, आणि कावळा बसायला फांदी मोडायला गाठ पडते. आपल्या भागात, विशेषतः खानापूरच्या जंगलपट्ट्यात, गोचीड भरपूर आहेत, आणि गोचिडांमुळे होणारे ताप हे कुत्रे गप्प होण्याचे आणि भाकरी टाकण्याचे फार सामान्य कारण आहे. ती त्या संध्याकाळी शिवारात हिंडून आली, हेही ध्यानात घ्या.

म्हणून आज एवढे करा. साधे डिजिटल थर्मामीटर घेऊन टोकाला खोबरेल तेल लावा आणि गुदद्वारात इंचभर घालून ताप पाहा. कुत्र्याचे तापमान साधारण 100.5 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असते. हात लावून आपल्याला गरम वाटते ते नेहमीचेच. 103 च्या वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना. मग ओठ वर करून हिरड्या पाहा. त्या गुलाबी असाव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. हिरड्या फिक्या किंवा पिवळट दिसल्या, लघवी गडद चहासारखी झाली, नाकातून रक्त आले किंवा पोटावर लाल ठिपके दिसले, तर रक्त तपासून घ्यावे लागेल. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड शोधा. डॉक्टरकडे गेलात तर ती पंधरा दिवसांपूर्वी लागली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण गोचीडतापावर नेहमी वापरले जाणारे डॉक्सीसायक्लीन गर्भातल्या पिल्लांच्या हाडांना आणि दातांना बाधू शकते आणि त्यांना त्याचा विचार करून औषध निवडावे लागते.

गर्भ कधी कळतो? कुत्रीचे अंडे सुटते तेव्हा कच्चे असते. ते पिकायला दोन-तीन दिवस लागतात, आणि नराचे शुक्राणू तिच्या शरीरात पाच-सात दिवस जिवंत राहू शकतात. म्हणजे मिलनाचा दिवस आणि गर्भ ठरण्याचा दिवस यांत आठवड्याचे अंतर पडू शकते. त्यामुळे अंडे सुटल्यापासून मोजले तर 63 दिवस ही मुदत बरीच पक्की असते, पण मिलनाच्या दिवसापासून मोजले तर कुत्री 57 पासून 72 दिवसांपर्यंत कधीही विऊ शकते. सोनोग्राफीत गर्भ पंचविसाव्या दिवसाच्या पुढे चांगला दिसतो. वरच्या अनिश्चिततेमुळे मी मिलनानंतर अठ्ठावीस ते तीस दिवसांनी बोलावतो. तुमच्या हिशेबाने ते अजून दोन आठवड्यांनी येते. त्या दिवशी पिल्लांची हृदये फडफडताना दिसतात आणि शंका उरत नाही. काही दिसले नाही तर आठवड्याने एकदा पुन्हा पाहायचे. पोट दाबून पाहण्याची पद्धतही आहे, पण ती अनुभवी हातानेच आणि चौथ्या आठवड्यातच. घरी कोणी दाबून पाहू नये. क्ष-किरणात पिल्लांची हाडे पंचेचाळीस दिवसांनंतर दिसू लागतात आणि शेवटच्या आठवड्यात ती मोजता येतात. मुधोळबाबत आणखी एक : ही जात मुळातच सडपातळ, पोट आत ओढलेले, त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत बाहेरून काही कळत नाही आणि ‘पोट दिसत नाही म्हणजे राहिली नाही’ असा समज होतो. बरगड्या दिसतात म्हणून तिला आत्तापासून दुप्पट खाऊ घालणेही चूक. या जातीच्या निरोगी कुत्रीच्या मागच्या बरगड्या दिसतातच.

इथवरचे एका दमात सांगायचे तर : चावा झाला होता का ते आज विचारा, ताप आणि हिरड्या आज पाहा, आणि गर्भाचा निकाल दोन आठवड्यांनी सोनोग्राफीवर सोडा.

आता त्या इंजेक्शनविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. ‘लागली की तीन दिवसांत सुई द्या’ हा सल्ला आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे. ती सुई पुष्कळदा इस्ट्रोजेन नावाच्या संप्रेरकाची असते. ती गर्भ टाळू शकते, पण त्याच वेळी गर्भाशयाचे तोंड उघडे ठेवते, आतल्या अस्तरावर परिणाम करते, आणि पुढे प्रोजेस्टेरॉन चढले की त्या गर्भाशयात पू साठण्याची शक्यता वाढवते. त्याहून वाईट म्हणजे काही कुत्र्यांत ते औषध अस्थिमज्जा दाबते, रक्त तयार होणे थांबते, आणि त्यातून कुत्री वाचवणे फार कठीण होते. टिळकवाडीतल्या एका घरची पोमेरेनियन मला आजही आठवते. रस्त्यावरचा कुत्रा लागला म्हणून दुसऱ्याच दिवशी कोणीतरी तिला सुई दिली. पाच आठवड्यांनी घरच्यांनी तिला माझ्याकडे आणले, तेव्हा ती टेबलावर उभी राहू शकत नव्हती, पण सलाइनच्या नळीतून गळणारा थेंब जिभेने टिपण्याची धडपड करत होती, इतकी तिला तहान होती. ऑपरेशनमध्ये एरवी पेन्सिलीएवढे असणारे गर्भाशय माझ्या अंगठ्यापेक्षा जाड, पुवाने ताणलेले निघाले. ती वाचली, पण चार दिवस आम्ही सगळे धास्तावलेले होतो. तिला सुई दिली तेव्हा ती गाभण राहिली होती का, हे कोणी तपासले नव्हते आणि आता कधीच कळणार नाही. एकदा लागलेली प्रत्येक कुत्री गाभण राहतेच असे नाही. अशा कुत्रीला दिलेली सुई म्हणजे नसलेल्या रोगावरचे जालीम औषध होय.

माज पुढे ढकलण्याची सुई हीदेखील प्रोजेस्टेरॉनच्या जातीची असते आणि तीही पायोमेट्राला, म्हणजे गर्भाशयात पू होण्याला, आमंत्रण देते. मेडिकल दुकानातून आणलेल्या, माणसांच्या गर्भ टाळण्याच्या गोळ्या तर कुत्रीला देऊच नयेत. तिचे चक्र वेगळे, अंडे सुटण्याची आणि पिकण्याची रीत वेगळी, त्या गोळ्यांचा तिला उपयोग नाही. गरम पदार्थ, कच्ची पपई, गूळ-तीळ यांनीही काही होत नाही, कुत्रीचे पोट तेवढे बिघडते.

मग सोनोग्राफीत गर्भ दिसला तर काय करायचे? इथे मी एकच उत्तर सर्वांना देत नाही, कारण ते तुमच्या घरावर अवलंबून आहे. तिच्यापासून पुढे पिल्ले घ्यायची नसतील, तर सुरुवातीच्या आठवड्यांतच गर्भाशय आणि अंडाशय काढण्याचे ऑपरेशन हा मार्ग मला सर्वांत सुरक्षित वाटतो. त्यात हा प्रश्न सुटतो, पुढचे माज थांबतात आणि पायोमेट्राची भीती कायमची जाते. ‘एक वेत होऊ द्यावे, मग ऑपरेशन करावे’ असे वडीलधारी माणसे मायेने सांगतात, पण एकदा व्याल्याने कुत्रीच्या प्रकृतीला कोणताही विशेष लाभ होत नाही. मात्र आज, माज जेमतेम ओसरत असताना, ऑपरेशन नको. त्या भागाला रक्ताचा पुरवठा वाढलेला असतो. आणि भूल देणाऱ्याला ती मुधोळ आहे हे आवर्जून सांगा. या शिकारी, चरबी नसलेल्या जातींना भुलीच्या काही जुन्या औषधांतून बाहेर यायला फार वेळ लागतो, म्हणून औषध बदलावे लागते.

तिच्यापासून पुढे मुधोळ वंश घ्यायचाच असेल आणि हे वेत नको असेल, तर औषधाने गर्भ काढता येतो. प्रोजेस्टेरॉनचे काम रोखणारे अ‍ॅग्लेप्रिस्टोन नावाचे इंजेक्शन चोवीस तासांच्या अंतराने दोनदा दिले जाते. ते पंचेचाळीस दिवसांपर्यंत चालते, पण प्रत्येक गावात ते हाताशी मिळेलच असे नाही. दुसरी पद्धत प्रोस्टाग्लँडिन आणि कॅबरगोलिन यांची. तीत धाप, लाळ, उलटी, जुलाब होतात, म्हणून कुत्रीला दवाखान्यात डोळ्यांसमोर ठेवावे लागते, आणि शेवटी सगळे बाहेर पडले का हे सोनोग्राफीने पाहावेच लागते. ही औषधे गरोदर बाईने हाताळू नयेत आणि दम्याच्या रुग्णाने प्रोस्टाग्लँडिनला हात लावू नये. घरात कोणी असेल तर आधी सांगा. हा मार्ग स्वीकारताना काही घरांत मनाला टोचणी लागते. त्या टोचणीला मी कधी हसण्यावारी नेत नाही. मनाची तयारी नसेल तर पिल्ले होऊ द्या, पण ती कोणाच्या घरी जाणार हे व्यायच्या आधी ठरवा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत रस्त्याच्या कडेला खोक्यात ठेवलेली, डोळेही न उघडलेली पिल्ले मी दरवर्षी उचलून आणतो; त्यांपैकी फार थोडी जगतात.

शुद्ध पिल्लांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र निःसंदिग्ध आहे. एकदा गावठी कुत्रा लागला की पुढची सगळी वेते बिघडतात, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. नराचा अंश त्या वेतापुरताच असतो, पुढच्या माजात तिचे गर्भाशय आणि अंडी यांवर त्याची कोणतीही खूण उरत नाही. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी सरकारी संशोधन केंद्र आहे आणि 2005 साली टपाल खात्याने या जातीवर तिकीटही काढले. आपल्या भागाला या कुत्र्याचा अभिमान असणे स्वाभाविक आहे आणि तुमची काळजी मला समजते. पण त्याच अभिमानापायी लोक एक चूक करतात, ती सांगून ठेवतो. गावठी कुत्रा लागला की दुसऱ्या दिवशी घाईघाईने मुधोळ नराकडे नेतात, म्हणजे ‘वरचा डाव झाकला जाईल’. झाकला जात नाही. कुत्रीच्या एकाच वेतात दोन बापांची पिल्ले असू शकतात, आणि मग कोणते पिल्लू कोणाचे हे डीएनए चाचणीखेरीज सांगता येत नाही.

समजा, सोनोग्राफीत काही निघाले नाही. तरीही गाठ सुटली असे समजू नका, कारण माजानंतर सहा ते आठ-दहा आठवड्यांनी खोटे गाभणपण येऊ शकते. प्रोजेस्टेरॉन उतरते, दूध आणणारे प्रोलॅक्टिन चढते, आणि पोटात काही नसताना कुत्री आई होते. निपाणीजवळच्या एका मळ्यावर मला बोलावले होते, कारण कुत्री घरच्यांना गोठ्यात येऊ देत नव्हती. आत गोणपाटाचा खळगा करून ती वळून बसली होती आणि तिच्या पोटाशी नारळाची एक सोडण होती. मी हात पुढे केला तशी तिने ती सोडण तोंडाने उचलून आपल्या पुढच्या पायांत ओढली आणि चाटू लागली. सडांना दूध होते. असे झाले तर तिला मारू नका, वस्तू हिसकावू नका. ती फिरायला गेल्यावर शांतपणे उचला. दूध पिळू नका, शेकू नका, कारण जितके सडाला डिवचाल तितके दूध वाढते. खाणे थोडे कमी करा, फिरणे वाढवा, बहुतेक कुत्र्या दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होतात. सड गरम, दगडासारखा कडक, लाल झाला किंवा ती चावायला धावू लागली, तर औषध द्यावे लागते. या काळात ऑपरेशन करून घेऊ नका. प्रोजेस्टेरॉन एकदम तुटले की दूध आणि ते वागणे लांबत राहू शकते.

पुढच्या दोन महिन्यांत पायोमेट्राकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. तो प्रामुख्याने माजानंतर चार ते आठ आठवड्यांत, जास्त करून वयस्क कुत्र्यांत येतो, पण तरुण कुत्रीलाही सोडत नाही. पाण्याचे भांडे नेहमीपेक्षा लवकर रिकामे होऊ लागले, लघवी वाढली, ती पुन्हा अन्नावरून उठली, उलटी झाली, मागून चॉकलेटी किंवा पुवासारखा घाण वासाचा स्राव आला, तर सकाळची वाट पाहू नका. काही वेळा गर्भाशयाचे तोंड बंद असते, स्राव अजिबात दिसत नाही, पोट मात्र फुगत जाते आणि घरच्यांना ती गाभण वाटते. ही अवस्था अधिक धोक्याची.

आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, फरशीवर पुन्हा रक्ताचे थेंब दिसू लागले, तर ‘पुन्हा माजावर आली’ म्हणून सोडून देऊ नका. मोकाट कुत्र्यांकडून मिलनातून पसरणारी एक गाठ आपल्या देशात पुष्कळ आढळते. योनीत फुलकोबीसारखा, हात लावताच रक्त येणारा लाल मांसल गोळा वाढतो. तो वेळेवर ओळखला तर आठवड्याला एक अशा व्हिन्क्रिस्टीनच्या चार ते सहा इंजेक्शनांनी बहुतेक कुत्र्या पूर्ण बऱ्या होतात, कापावेही लागत नाही. उशीर केला तर तिचे हाल होतात. गर्भपात झाला किंवा पिल्ले मेलेली निघाली, तर ब्रुसेला या जंतूमुळे होणाऱ्या रोगाची रक्ततपासणी करून घ्या आणि ते स्राव हातमोजे घालूनच उचला, कारण तो रोग माणसालाही होतो.

तुम्ही वेत होऊ द्यायचे ठरवले, तर पाचव्या आठवड्यापर्यंत तिचा आहार नेहमीचाच राहू द्या; नंतर हळूहळू वाढवून शेवटी सव्वा ते दीडपट करा आणि दोनाऐवजी तीन-चार वेळा विभागून द्या, कारण पोटात जागा उरत नाही. भाकरी-ताकावर पिल्ले पोसली जात नाहीत. अंडी, चिकन, मासे, घरात चालत नसेल तर कंपनीचे पिल्लांचे खाद्य द्या. कॅल्शियमचे औषध गाभणपणी आपल्या मनाने पाजू नका. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिले की शरीर हाडांतून ते काढण्याची सवय सोडते आणि व्याल्यावर दूध वाढताच कुत्री थरथरून झटके देऊ शकते. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. तो 99 अंशांच्या खाली उतरला की चोवीस तासांत ती विणार असे समजा. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू आले नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त वेळ गेला, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर गाडी काढा. खानापूरच्या आतल्या वाड्यांवरून रात्री बेळगावला यायला लागणारा वेळ आधीच धरून ठेवा आणि वाहन कोणाचे हे ठरवून ठेवा.

सध्या एक वही करा. पहिले रक्त दिसले ती तारीख, लागली ती तारीख, रोजचा ताप, किती खाल्ले, किती पाणी प्याली, एवढेच लिहा. सोनोग्राफीला येताना ती वही आणि रेबीजच्या लसीचे कार्ड बरोबर आणा. आणि आज तापमान 103 च्या वर किंवा हिरड्या फिक्या आढळल्या, तर दोन आठवडे थांबू नका. खानापूरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच न्या.